ठेव आणि तिचें कोष्टक

मुलुंडास आमचे एक जुने स्नेही राहतात. मराठीचे शिक्षक म्हणून त्यांचा सारा जन्म शाळेंत गेला, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनीं एकच व्यसन जवळ केलें, तें ओव्या जमविण्याचें. या संग्रहाचा आरंभ त्यांच्या मातोश्रींपासून झाला. मातोश्रींस अक्षरओळख नव्हती. पण जात्यावरच्या ओव्या त्यांना इतक्या येत कीं, एका मे महिन्याच्या सुटींत मुलानें त्यांच्यापुढें टेपरेकॉर्डर ठेवला तेव्हां नऊ कॅसेटी भरल्या आणि ओव्या संपल्या नाहींत. पुढें मातोश्री वारल्या. उपनगराच्या दमट हवेंत कॅसेटींस बुरशी धरली. त्या अगदींच निकामी होण्यापूर्वीं एका माजी विद्यार्थ्यानें तो आवाज संगणकांत उतरवून दिला, म्हणून तो राहिला. आणि कॅसेटी गेल्यामुळें आतां तो तेवढ्या एकाच ठिकाणीं राहिला. २०२५ च्या सप्टेंबरांत या संगणकाच्या डिस्कवर एक प्रकारची शस्त्रक्रिया करण्याचा प्रसंग आला, त्या वेळीं आम्ही तेथें होतों. घटना अर्ध्या दिवसाची. पण तिनें आमच्यापुढें जो प्रश्न टाकला त्यानें पुढें कित्येक दिवस आमची पाठ सोडली नाहीं. एखाद्या वस्तूचा कणहि न हलवितां तिची केवळ नोंद बदलली, तर त्या वस्तूचें कांहीं बदललें काय? आणि ‘कांहींएक जाणार नाहीं’ असें अभिवचन देण्याचा अधिकार कोणास आहे?

प्रसंग असा. संगणकाचा कारभार चालविणारी विंडोज १० ही प्रणाली वापरणाऱ्यांस तिच्या कर्त्यांनीं १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख देऊन ठेविली होती; त्या दिवसानंतर तिची नेहमीची डागडुजी बंद व्हावयाची होती. तिच्या पुढची विंडोज ११ ही प्रणाली २०२१ पासून मिळूं लागली होती. परंतु तिची अट अशी कीं, यंत्र यूईएफआय नांवाच्या नव्या रीतीनें जागें होणारें असावें. स्नेह्यांचें यंत्र तसें नवें, २०१९ सालीं घेतलेलें. पण त्यांतील डिस्क मात्र आधींच्या संगणकांतून काढून जशीच्या तशी बसविलेली होती. घर नवें, आणि आंत आजोबांची पेटी. ही पेटी एमबीआर या जुन्या पद्धतीनें विभागलेली होती, आणि ती जीपीटी या नव्या पद्धतीची करून घेतल्याशिवाय पुढची वाट बंद होती.

वाचकांपैकीं ज्यांना हें शास्त्र परिचयाचें नाहीं त्यांच्यासाठीं थोडें विवेचन करणें प्राप्त आहे. डिस्क म्हणजे एक अफाट कोठार अशी कल्पना करावी. त्यांत क्रमांक घातलेले, एकसारख्या मापाचे कप्पे आहेत. एकेका कप्प्यांत ५१२ बाइट मावतात. कोणत्या कप्प्यापासून कोणत्या कप्प्यापर्यंत कोणता विभाग, हें सांगणारें कोष्टक अगदीं पहिल्या कप्प्यांत असतें. १९८३ सालीं आयबीएमच्या पीसी एक्सटी या यंत्राबरोबर आणि डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर ही व्यवस्था आली, तेव्हां त्या यंत्राची डिस्क १० मेगाबाइटांची होती. पहिल्या कप्प्यांतील ५१२ बाइटांपैकीं ४४६ यंत्र जागें करणाऱ्या आज्ञांना, ६४ कोष्टकाला, आणि उरलेले दोन ही नोंद खरी असल्याच्या खुणेला. चौसष्टांत सोळा-सोळांच्या चार ओळी बसतात. म्हणून मुख्य विभाग चारच. शिवाय कप्प्याचा क्रमांक लिहिण्यास जागा ठेविली ती बत्तीस बिटांची. त्यामुळें सुमारें दोन टेराबाइटांच्या पलीकडे काय आहे हें या कोष्टकास सांगतांच येत नाहीं. दहा मेगाबाइटांच्या त्या दिवसांत दोन टेराबाइट ही संख्या पुराणांतल्या युगांच्या आंकड्यांसारखीच वाटली असेल. तेव्हां कोष्टक करणारांस दोष देण्याचें कारण नाहीं.

जीपीटीचें कोष्टक याहून उदार आहे. त्यांत साधारणतः १२८ विभागांची सोय असते, क्रमांकाला चौसष्ट बिटें असतात, नोंद बिघडली तर बिघडली हें कळावें म्हणून पडताळ्याची एक संख्या असते, आणि मुख्य म्हणजे या कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदीं शेवटीं ठेविलेली असते. जुन्या पद्धतींत अशी प्रत ठेवण्याचा नेमच नव्हता. तो एक कप्पा बिघडला कीं कोठार जागच्या जागीं असून परकें.

येथपर्यंत कारागिरी झाली. प्लुटार्कनें थीसियसच्या नौकेची गोष्ट सांगितली आहे, आणि कॉलेजांत तत्त्वज्ञानाच्या तासाला बसलेल्या प्रत्येकानें ती केव्हां ना केव्हां ऐकली आहे. जुनी फळी कुजली कीं नवी बसवावयाची. असें करतां करतां एकहि मूळची फळी उरली नाहीं, तर ती तीच नौका कीं दुसरी? आमच्यापुढचा प्रश्न याच्या नेमका उलटा आहे. येथें एकहि फळी बदलावयाची नाहीं. जी ओवी ज्या कप्प्यांत आहे ती त्याच कप्प्यांत राहावयाची. बदलावयाची ती यादी, कोणती फळी कोठें हें सांगणारी. सामान्य बुद्धीला वाटतें कीं, यांत भिण्यासारखें काय आहे? पत्ता बदलल्यानें घर पडत नाहीं. १९५० सालीं आणि पुन्हां १९५७ सालीं मुंबई महानगरपालिकेची हद्द उत्तरेकडे सरकली, आणि अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड हीं गांवें एकामागून एक शहरांत आलीं. त्या दिवशीं कोणाची भिंत हलली नाहीं, कोणाच्या परसांतलें आंब्याचें झाड बोटभर सरकलें नाहीं. कागद तेवढे बदलले. पण ज्यांनीं घराच्या कागदांसाठीं कचेरीचे उंबरठे झिजविले आहेत त्यांना विचारावें कीं, कागद म्हणजे केवळ कागद काय? ठेव आणि ठेवीची नोंद या दोन वस्तु निराळ्या, हें तर्काला पटतें. व्यवहारांत मात्र ज्याच्या हातीं नोंद नाहीं त्याला ठेव असून नसल्यासारखी.

हें काम करण्यास एक तरुण आला होता. घाटकोपरास त्याचें दुरुस्तीचें लहानसें दुकान आहे. हात चलाख आणि बोलणें गोड. स्नेह्यांचा चेहरा पाहून तो म्हणाला, “काका, कशाला काळजी करताय? शंभर वेळां केलंय हे. डेटा जाणार नाहीं.”

“अरे बाळा, पण गेला तर?”

“जातच नाहीं, काका. मायक्रोसॉफ्टचंच टूल आहे.”

त्याचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. या कर्त्यांनीं त्यांच्या परीनें डिस्कची पद्धति बदलण्याचें साधन पूर्वींहि दिलेलें होतें, पण तें रिकाम्या डिस्कवर चालणारें; म्हणजे आधीं सारें कोठार उपसून बाहेर ठेवा, मग आम्ही कोष्टक बदलूं, अशी तऱ्हा. २०१७ सालीं विंडोज १० च्या एका आवृत्तीबरोबर ‘एमबीआर टू जीपीटी’ हें नवें साधन आलें, आणि चालत्या प्रणालीची डिस्क आंतलें सामान न हलवितां बदलतां येऊं लागली. तेव्हां तरुण जें सांगत होता तें त्यानें अनुभवानें सांगितलें होतें. परंतु त्याच्या त्या शंभर वेळांत आम्हांस कांहीं केल्या समाधान वाटेना.

शंभरांत एकदां चुकलें, तर काम करणाऱ्याच्या पदरीं नव्याण्णव यशें राहतात आणि त्याचा लौकिक उणा होत नाहीं. ज्याची ठेव गेली त्याच्या पदरीं नव्याण्णव राहत नाहींत. त्याला एकच होती, ती गेली. विम्याचा धंदा शेकडेवारीवर चालतो, कारण जळालेल्या घराचें मोल न जळालेल्या घरांच्या हप्त्यांतून भरून देतां येतें. आईचा आवाज असा कोणाच्या हप्त्यांतून भरून येत नाहीं. शेकडेवारी खोटी नसते. ती एकाच्या तोंडून निघते आणि दुसऱ्याच्या जिवावर बेतते, एवढाच तिच्यांत दोष. आणि अभिवचन हीहि एक निसरडी वस्तु आहे. शहाणा वैद्य रोग्याच्या मुलाला ‘तुझे वडील वांचतील’ असें वचन देत नाहीं; ‘मी कसूर करणार नाहीं’ असें देतो. पहिलें फळाचें वचन, दुसरें वागणुकीचें. फळ आपल्या हातीं नसतें आणि वागणूक असते, म्हणून दुसऱ्या प्रकारचें वचन देणें हें कर्तव्य आणि पहिल्या प्रकारचें देणें हा अतिरेक, असें आमचें मत आहे. तरुणानें दोन्हींची सरमिसळ केली होती. त्यानें ती फसविण्यासाठीं केली नव्हती. म्हाताऱ्या माणसाची भीति घालवावी हाच त्याचा हेतु. पण भीतीबरोबर मालकाची सावधगिरीहि जाते, हें त्याच्या ध्यानांत आलें नसावें.

आम्हीं एकच अट घातली. आधीं साऱ्या डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावयाची, त्या प्रतींतली एखादी ओवी लावून ऐकावयाची, आणि मगच पुढें जावयाचें. तरुण म्हणाला, “सर, तीन तास जातील.” आम्हीं म्हटलें, जाऊं देत.

ते तीन तास आम्ही दोघे गॅलरींत बसलों. खालून लोकलगाड्या जात होत्या. स्नेह्यांनीं मध्येंच अर्धवट थट्टेनें विचारलें, “आतां आई कोणत्या डिस्कवर आहे म्हणावयाची?” आम्ही लगेच उत्तर देऊं शकलों नाहीं. हस्तलिखिताची नक्कल केली तर मूळ तें मूळ राहतें आणि नक्कल ती नक्कल. येथें दोहोंत भेद दाखवितां येत नाहीं. आणि खरें पाहतां डिस्कवरची तीहि मूळची नव्हेच, कॅसेटीची नक्कल, आणि कॅसेट त्या उन्हाळ्यांतल्या दुपारची. तरीहि माणूस ज्या एका पेटीशीं वर्षानुवर्षें बसला ती त्याला अधिक जवळची वाटते. हा भ्रम असेल. पण तो तर्कानें दूर करण्याची आम्हांस घाई वाटली नाहीं.

समोरच्या तारांकडे पाहतां पाहतां आम्हांस दुसरी एक गोष्ट आठवली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं त्या वेळचें व्हिक्टोरिया टर्मिनस आणि कुर्ला यांच्या दरम्यान हिंदुस्थानांतली पहिली विजेची आगगाडी धांवली, ती १५०० व्होल्टांच्या एकदिश प्रवाहावर. १९२८ च्या जानेवारींत कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंतहि तीच वीज आली. पुढें गाड्या लांबल्या, दाटी वाढली, आणि कमी दाबाच्या तारेंतून एवढी शक्ति ओढावयाची तर प्रवाह अतोनात मोठा लागतो व वीजघरें जवळजवळ बांधावीं लागतात, ही अडचण तीव्र झाली. म्हणून सर्व उपनगरी मार्ग २५,००० व्होल्टांच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर नेण्याचें ठरलें. पश्चिम रेल्वेचें हें काम २०१२ सालीं पुरें झालें, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचें २०१५ सालीं, आणि हार्बरचें २०१६ सालीं. दिवसा लाखों माणसें वाहावयाचीं आणि रात्रीं किंवा सुटीच्या दिवशीं मार्ग अडवून इन्सुलेटर बदलावयाचे, पुलांखालचें अंतर वाढवावयाचें, असा हा वर्षानुवर्षांचा उद्योग. त्या काळांत दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या असत. एका प्रकारच्या तारेखालून दुसऱ्या प्रकारच्या तारेखालीं जातांना मध्यें थोडा निर्वीज टप्पा लागे. डब्यांतले दिवे आणि पंखे बंद पडत, कोणी वर्तमानपत्र खालीं घेई, आणि गाडी मागच्या वेगावर तशीच पुढें सरके. नवख्या प्रवाशाला वाटे, बिघाड झाला. रोजच्याला ठाऊक असे.

रेल्वेजवळ प्रत नव्हती, हें त्या गॅलरींत बसून आम्हांस विशेष जाणवलें. दुसरी एक मुंबई बाजूस काढून ठेवून पहिलीवर प्रयोग करावयाचा, हें शक्यच नव्हतें. तेव्हां तिनें दुसरा उपाय केला. एकेक टप्पा घेतला, आणि दोन्ही प्रवाह जाणणाऱ्या गाड्या मध्यंतरीच्या वर्षांत चालविल्या. ज्याची प्रत होते त्याची प्रत काढावी. ज्याची होत नाहीं तेथें दोन्ही भाषा येणारें कोणी तरी मधल्या काळांत असावें. याहून तिसरा प्रामाणिक मार्ग आम्हांस तरी सुचत नाहीं.

प्रत झाली. तींतून एक ओवी लावून ऐकली. मग तरुणानें तें साधन चालविलें. या साधनाची एक गोष्ट आम्हांस फार आवडली. तें आधीं डिस्कला हात न लावतां नुसतें पाहतें, आणि आपल्या अटींत बसत नसेल तर नकार देतें. आमच्या स्नेह्यांच्या डिस्कला त्यानें नकार दिला. मुख्य विभाग तीनपर्यंतच असावे अशी त्याची अट, आणि येथें होते चार. एक यंत्र सुरू करण्याचा लहानसा, एक प्रणालीचा, एक ओव्यांचा. आणि चौथा, पहिल्या संगणकाच्या कारखानदारानें त्या यंत्राला मूळ स्थितींत आणतां यावें म्हणून राखून ठेविलेला. तें यंत्र २०१९ सालींच भंगारांत गेलें होतें. म्हणजे मेलेल्या माणसाच्या प्रकृतीसाठीं राखलेलें औषध. तरुणाचें बोट तो विभाग पुसण्यास वर गेलें, आणि स्नेही म्हणाले, “थांब जरा.”

ते दहा मिनिटें थांबले. त्या विभागांत त्यांचें असें कांहींहि नाहीं हें त्यांना दोनदां दाखवून दिलें, तरी थांबले. घराच्या वाटणीच्या वेळीं अशी एक पेटी निघतेच, जिच्यांत कांहीं नाहीं हें सर्वांना ठाऊक असतें आणि जी टाकावयाला कोणी धजत नाहीं. आम्हांस तेव्हां उमगलें कीं, ‘कांहींहि न गमावतां’ ही प्रतिज्ञा अक्षरशः कधींच खरी नसते. तिचा अर्थ ‘मोलाचें कांहीं न गमावतां’ एवढाच. आणि मोल कशाला आहे हें ठरविण्याचा अधिकार हाच खरा कळीचा मुद्दा. तो कारागिराचा नव्हे, साधनाचा नव्हे, आमच्यासारख्या सल्लागाराचाहि नव्हे. स्नेह्यांनीं शेवटीं मान हलविली. तो विभाग गेला.

दुसऱ्यांदा साधनानें होकार दिला. पुढचें काम मिनिटभराचें. प्रणालीच्या विभागांतून सुमारें १०० मेगाबाइट जागा काढून तेथें नव्या रीतीनें यंत्र सुरू करणाऱ्या वस्तु ठेविल्या गेल्या, नवें कोष्टक आरंभीं आणि शेवटीं लिहिलें गेलें, आणि काम यशस्वी झाल्याची ओळ पडद्यावर आली. तरुणानें यंत्र बंद करून पुन्हां चालू केलें.

काळा पडदा. वर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ, कीं सुरू होण्याजोगी डिस्क सांपडत नाहीं.

स्नेही कांहीं बोलले नाहींत. प्रत शेजारच्या टेबलावर आहे हें त्यांना ठाऊक होतें, तरी त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झालेला आम्हीं पाहिला. तरुणहि क्षणभर गोंधळला, मग म्हणाला, “थांबा काका, सेटिंग राहिलं.” डिस्क नव्या भाषेंत लिहिली गेली होती, परंतु यंत्राच्या मुळाशीं असणारा जो पहिला वाचक, तो अजून जुन्याच रीतीनें पहिला कप्पा उघडून पाहत होता, आणि तेथें त्याला चालना देणारें कांहीं दिसत नव्हतें. त्यानें यंत्राच्या मूळ मांडणींत जाऊन जुन्या रीतीऐवजीं यूईएफआय निवडलें, आणि दोन मिनिटांत स्नेह्यांची नेहमीची हिरव्या शेताची तसबीर पडद्यावर आली.

ही सारी पांच मिनिटांची हकीकत. पण त्या पांच मिनिटांत काय गेलें होतें? एकहि बाइट गेला नव्हता. ओव्या होत्या तेथेंच होत्या. तरी कोणी येऊन ‘ओव्या आहेत काय?’ असें विचारलें असतें, तर ‘आहेत’ असें म्हणण्याचा आम्हांस कोणता आधार होता? जें आहे पण ज्याचा वाचक नाहीं, त्याचें असणें हें कोणत्या जातीचें असणें?

मराठी माणसाला या प्रश्नासाठीं संगणकापर्यंत जाण्याची गरज नाहीं. आमचा शतकानुशतकांचा दफ्तरी व्यवहार मोडींत झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून आणि कचेऱ्यांतून मोडी गेली, आणि छापण्यास सोयीची बाळबोध तेवढी राहिली. कोणी दफ्तरें जाळलीं नाहींत. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत कोट्यवधि कागद जागच्या जागीं आहेत. त्यांतील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० नंतरच्या थोड्या वर्षांत पंचेचाळीस खंडांत छापून दिले, हें त्या दफ्तराच्या मानानें ओंजळभर. एक अक्षर पुसलें गेलें नाहीं, आणि नातवाला आजोबाच्या हातचें खत वाचतां येईना. २०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं राज्य सरकारनें न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली, तेव्हां जुन्या नोंदी वाचण्यास मोडी जाणणारे शोधावे लागले. एखाद्या कुटुंबाचा हक्क शंभर वर्षें कपाटांत सुखरूप होता, आणि तो आहे हें सांगावयाला गांवांत कोणी नव्हतें. यंत्राच्या बाबतींत एक निवड बदलली कीं वाचक तयार होतो. मोडीचा वाचक म्हणजे एक जिवंत माणूस, आणि तो तयार होण्यास वर्षें लागतात. दोन्ही लिप्या सहज वाचणारी जी पिढी होती ती आमच्या रेल्वेच्या दोन प्रवाहांच्या गाड्यांसारखी. फरक इतकाच कीं, तिचें काम पुरें होण्यापूर्वींच ती सेवेंतून निघाली.

नव्या कोष्टकाच्या कर्त्यांनीं या बाबतींत अधिक विवेक दाखविला असें आम्हांस म्हणावेंसें वाटतें. जीपीटीच्या डिस्कवरहि पहिला कप्पा त्यांनीं जुन्या पद्धतीनेंच भरून ठेविला आहे. त्यांत जुन्या भाषेंत एकच ओळ असते: ही सारी डिस्क एका विभागानें व्यापलेली आहे. जुनें एखादें साधन चुकून आलें तर त्याला डिस्क रिकामी वाटूं नये, आणि त्यानें तीवर आपलें सामान पसरूं नये, म्हणून ही तजवीज. तिला संरक्षक नोंद असेंच नांव आहे. नीतिशास्त्रज्ञ येथें भुंवया उंचावील. डिस्कवर एकच विभाग आहे हें विधान खरें नाहीं. मग हें हितासाठीं बोललेलें असत्य काय? अश्वत्थाम्याच्या मरणाची वार्ता सांगणाऱ्या धर्मराजाची आठवण येथें होणें स्वाभाविक आहे. परंतु आम्हांस हीं दोन उदाहरणें सारखीं वाटत नाहींत. धर्मराजाला पूर्ण सत्य सांगतां येत होतें. त्यानें शब्द असे बेतले कीं ऐकणाऱ्याचा घात व्हावा. येथें जुन्या भाषेंत पूर्ण सत्य मावतच नाहीं. तींत जेवढें मावतें त्यापैकीं सर्वांत उपयोगी तेवढें सांगितलें आहे: येथें कोणी राहतें, आंत येऊं नका. आमच्या उपनगरांतल्या खरेदीखतांवर आजहि ‘मौजे मुलुंड, तालुका कुर्ला’ असें लिहितात. तेथें मौजा दिसत नाहीं, पंचवीस मजली इमारती दिसतात. पण त्या ओळीमुळें जुना कागद आणि नवा कागद एकमेकांस ओळखतात.

आतां एक गाऱ्हाणें राहिलें. आमच्या स्नेह्यांची डिस्क ५०० गिगाबाइटांची. दोन टेराबाइटांची मर्यादा त्यांना या जन्मांत आडवी येणार नव्हती, आणि १२८ विभाग त्यांनीं काय करावयाचे होते? त्यांची जुनी व्यवस्था त्यांच्या गरजेपुरती निर्दोष होती. तरी दूर देशांतल्या कोणी एक तारीख ठरविली, आणि मुलुंडच्या एका वृद्धाला आपल्या आईचा आवाज पणाला लावून बसावें लागलें. यावर दुसरी बाजू नाहीं असें नव्हे. प्रणाली जागी होण्यापूर्वींच यंत्राचा ताबा घेणारे दुष्ट प्रोग्रॅम असतात, आणि नव्या रीतींत त्यांना अडविण्याची सोय अधिक चांगली आहे. एकाचें यंत्र बाधित झालें तर तें इतरांसहि उपद्रव देतें. म्हणजे देवी टोंचून घेण्यासारखाच हा प्रश्न आहे, आणि तेथें ‘माझें मी पाहून घेईन’ हें उत्तर पुरत नाहीं. सक्ति एकवेळ समर्थनीय ठरेल. पण जो सक्ति करतो त्यानें आधीं सुरक्षित वाट बांधून द्यावी. ती २०१७ पर्यंत बांधली नव्हती. शिवाय तें साधन एकाच दिशेनें चालतें. जीपीटीवरून एमबीआरकडे परत यावयाचें तर तें मदत करीत नाहीं. परतीची वाट नसलेला दरवाजा जो उभारतो त्याच्यावर, तो दरवाजा ओलांडणाऱ्याला काय काय सांगावें, याची जबाबदारी दुप्पट पडते. मोडीचा दरवाजा बंद करणाऱ्यांनीं ती किती ओळखली होती?

संध्याकाळ झाली होती. स्नेह्यांनीं नव्या कोष्टकाच्या डिस्कवरून एक ओवी लावली. आरंभीं जात्याची घरघर, मग मागें कुठें तरी कोंबडा आरवतो, आणि मग त्या बाईंचा किंचित् घोगरा आवाज. तरुण आपलें सामान आवरतां आवरतां थांबला आणि दाराशीं उभा राहून ऐकूं लागला. ओवी संपल्यावर म्हणाला, “काका, आतां ती प्रत पुसून टाकूं? पांचशें जीबी मोकळी होईल तुम्हांला.”

“नको,” स्नेही म्हणाले. “राहूं दे तशीच.”

त्यांनीं ती डिस्क एका जुन्या रुमालांत गुंडाळली आणि कपाटाच्या वरच्या खणांत ठेविली. तेथें त्या बुरशी आलेल्या नऊ कॅसेटी अजून होत्या. त्याहि त्यांनीं टाकल्या नव्हत्या. हुबेहूब प्रत असल्यामुळें तिच्यावरचें कोष्टक जुन्याच पद्धतीचें आहे, आणि भंगारांत गेलेल्या त्या संगणकाचा चौथा विभागहि तींत जसाच्या तसा आहे.